उपयोगाचा रकाना

नाना, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा कधी जमलं नाही. तुम्ही चष्म्यावरून नुसतं बघितलंत तरी मी पुस्तकात डोकं घालायची. आता पन्नाशी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, लेक नोकरीला लागली, आणि ती भीती कुठल्या कुठे गेली. थेरगावच्या घरी रविवारची दुपार आहे. आई आत आडवी झाली आहे, खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेतंय आणि तिचं ते पिंपिं गाणं संपता संपत नाहीये. माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर एक लाल पुठ्ठा पडलाय, हाताच्या पंजाएवढा, वर भोक पाडून सुतळी ओवलेला. भांडण त्या पुठ्ठ्यावरून आहे.

तुमच्या वेळी ही पद्धत नव्हती म्हणून समजावून सांगते. चाकणला आमच्या कंपनीत दर तीन महिन्यांनी एक टीम शॉपभर, अगदी गेटपर्यंत फिरते. प्रत्येक वस्तू तिच्या जागी हवी आणि कामाची हवी, असा नियम. जी वस्तू तिथे का आहे ते टीमला कळत नाही, तिला असा लाल टॅग बांधतात. टॅगवर रकाने असतात. वस्तू काय, सापडली कुठे, कुणाची, आणि शेवटचा मोठा रकाना, उपयोग काय. ज्याची वस्तू त्याने सात दिवसांत तो भरून द्यायचा. उपयोग पटला तर वस्तू राहते, नाही पटला तर सरळ भंगारात. तुम्हाला ही पद्धत फार आवडली असती. तुम्ही तर आमच्या घरात एकट्याने ती टीम चालवायचात, आणि सात दिवसांची मुदतसुद्धा द्यायचा नाहीत.

तर गेल्या सोमवारी माझ्या डाव्या हातांना लाल टॅग लागला. म्हणजे माझा हात शाबूत आहे, घाबरू नका. आमच्या लाइनला कापडी हँडग्लोव्हज देतात, तळव्याला रबराचे ठिपके असलेले. बहुतेक बायका उजव्या हाताने पार्ट उचलतात, फिरवतात, ट्रेमध्ये ठेवतात, त्यामुळे पंधरा-वीस दिवसांत उजव्याचा अंगठा आणि पहिलं बोट फाटतं. डावा मात्र धडधाकट राहतो. ठिपके एकाच बाजूला, म्हणून तो उलटा करून उजव्या हातात चढवला तर पार्ट सटकतो. मग जोडीच्या जोडी कचऱ्याच्या डब्यात. किती वर्षं मी त्या डब्याशेजारून जात होते, कधी लक्ष गेलं नाही. एक दिवस पाय थबकला. डब्यात वरच्या वर सगळे डावेच दिसत होते, बोटं पसरलेले, चांगले, काही न बिघडलेले. नुसती जोडी मोडली म्हणून टाकलेले. मला असा राग आला ना नाना, की विचारू नका. कुणावर आला ते तेव्हा कळलं नाही. स्टोअरच्या मामांना विचारलं, हे नेऊ का घरी? ते म्हणाले, "ने की ताई, कुणाला पायजेत?" आणि मी पिशवीभर डावे हात घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढले.

घरी आणून धुतले. तेलाचा वास तीन धुण्यांत गेला नाही. मग बरेच दिवस ते गॅलरीत दोरीवर लटकत होते आणि मला काही सुचत नव्हतं. सुचण्याचं असंच असतं हो, बसून सुचत नाही. भाजी निवडताना, बसच्या खिडकीत, डोळ्यांना एखादी गोष्ट खुपते आणि मग ती पाठ सोडत नाही. एका शनिवारी सुटल्यावर चाकणच्या मार्केटजवळ कांदे घेतले, लाल जाळीच्या पिशवीत. घरी पिशवी उघडताना एक टोक हाताला लागलं, ओढलं, आणि अख्खी पिशवी सरसर उसवत गेली. लाल दोऱ्याचा हा एवढा गुंता मांडीवर पडला. कांदे जमिनीवर घरंगळतायत, आई ओरडतेय, आणि मी खुळ्यासारखी हसतेय. दुसऱ्या दिवशी तोच दोरा क्रोशाच्या सुईवर घेतला. जरा ताठ आहे, बोटं कापतो, पण टाका धरतो. मग आणखी पिशव्या जमवत प्रत्येक डाव्या ग्लोव्हशेजारी मी त्या लाल दोऱ्याने एक उजवा विणला. जाळीदार, आत काही नसलेला, पाचही बोटं मापात. मग डाव्याची करंगळी पुढच्या उजव्याच्या करंगळीत अडकवत एकतीस जोड्यांची रांग केली आणि गेटच्या आत, जिथे आमच्या बसेस लागतात, तिथल्या तारेच्या जाळीवर बांधली. सिक्युरिटीच्या सुपरवायझरला विचारून बांधली, चोरून नाही. माझी लेक म्हणाली, "आई, याला इन्स्टॉलेशन म्हणतात." मी म्हटलं, आमच्याकडे नवीन मशीन बसवतात त्याला इन्स्टॉलेशन म्हणतात बाई, तू मला शिकवू नको.

असलं काही करायची ही पहिली वेळ नाही. आपल्या जुन्या शेगडीचा पितळी बर्नर आठवतो? त्याच्या कडेला भोकांची ओळ असते ना, त्या एकेका भोकातून मी निळा दोरा काढून वर खांब विणत नेले, मधले उंच, कडेचे बुटके. न विझणारी आच. बिल्डिंगच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत ती ठेवली आहे. चहाची मोडकी गाळणी आहे, डांगे चौकातल्या फूलवाल्याने फेकलेल्या दोऱ्याची रिळं आहेत. लोक काय म्हणतात सांगू? "छान आहे हो, पण हे कशासाठी?" "मोबाइलचं कव्हर कराल का?" "ऑर्डर घेता का?" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर आचेवर अगरबत्तीचं घर खोचून ठेवलं, निदान काहीतरी कामाला येऊ दे म्हणून. मी ते काढून त्यांच्या दारात नेऊन दिलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

पण नाना, हा प्रश्न मला पहिल्यांदा तुम्ही विचारला होता. भोसरीची खोली. एकच खोली, तिच्या एका कोपऱ्याला आम्ही स्वयंपाकघर म्हणायचो. मी सातवीत असेन. आई नुकतीच मला क्रोशाचं विणकाम शिकवत होती. साखळी, खांब, मुका खांब. मुका खांब म्हणजे बुटका टाका, उंच न होणारा, पण सगळी वीण घट्ट धरून ठेवणारा. आई म्हणायची, "त्यो मुका हाय, पण त्येच्याबिगर चालत न्हाई," आणि तुमच्याकडे बघून तोंडाला पदर लावायची, कारण घरात मुकी कोण होती ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. तुमच्या पँटच्या दुमडीत लेथवरून उडालेली लोखंडाची साल अडकून यायची, कुरळी, कधी रुपेरी तर कधी तापून निळी झालेली. आई कपडे भिजवण्याआधी ती झटकून काढायची आणि मी बिस्किटांच्या डब्यात जमवायची. एकदा एक लांबच लांब निळी साल मिळाली. मी तिच्या एकेका वळणात पांढऱ्या दोऱ्याचे टाके घातले. आठवडा लागला. बोटं दोनदा कापली, सांगितलं नाही. मग ती खिडकीच्या खिळ्याला टांगली. सकाळच्या उन्हात ती हळूहळू फिरायची आणि आईच्या पोळपाटावर तिची सावली फिरायची. आई लाटणं थांबवून बघत बसायची. मी आईला कशाकडे असं बघत बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

तुम्ही पहिली पाळी करून आलात. पाय धुतले, चहा घेतला, आणि मग वर बघितलंत. "हे काय हाय?" मी म्हटलं, मी केलंय. "ह्येचा उपयोग काय?" मी म्हटलं, काही नाही, बघायचं. तुम्ही रागावलाही नाहीत. तुम्ही आवाज चढवला असतात तर मी रडले असते आणि विसरले असते. तुम्ही म्हणालात, "मग काढ. हात कापंल कुणाचा तरी." मी हलले नाही तेव्हा तुम्हीच स्टुलावर चढून ते पकडीने काढलंत, लोखंड कचऱ्यात टाकलंत, आणि त्याआधी, हे मला कधीच विसरता आलं नाही, मोरीपाशी बसून एकेक टाका उसवलात. सगळा दोरा सोडवलात, बोटांवर गुंडाळून एकसारखी लडी केलीत आणि माझ्या हातात ठेवलीत. "दोरा चांगला हाय. वाया घालू नगं. कायतरी कामाचं कर." मी त्या दोऱ्याचा फडताळातल्या डब्यांसाठी पट्टा केला. तुम्ही म्हणालात, चांगला झालाय. त्या शाबासकीचा मला आजही राग आहे.

आता तुम्ही म्हणाल, पोरी, मी दिवसभर तेच काम करत होतो, दुसरं काय करणार? माहीत आहे. तुमचा डबा घेऊन मी वर्कशॉपला आले होते ना एकदा, परीक्षेनंतरच्या सुट्टीत. तुम्ही बाकावर बसला होतात, समोर नुकत्याच भोक पाडलेल्या पार्टचा ढीग, हातात तो दोन टोकांचा गेज. एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. गेलं तर पार्ट बाद, त्यावर लाल रंगाचा ठिपका. तुम्ही मला गेज हातात दिलात आणि म्हणालात, "जोर लावायचा न्हाई. आपल्या वजनानं जाऊ दे." मी वीस-पंचवीस पार्ट तपासले. तेवढ्यात मालक आले आणि म्हणाले, अहो एवढे सोडून द्या, गाडी उभी आहे. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गाडी थांबंल साहेब. ज्येच्या गाडीला ह्यो ब्रेक लागंल त्यो थांबला पायजे." सगळं वर्कशॉप ऐकत होतं. मालक पाय आपटत आत गेले. त्या दिवशी माझी छाती अशी फुगली होती की घरापर्यंत बस न पकडता चालत आले. म्हणजे तुम्ही वाईट माणूस होतात असं मी म्हणतच नाहीये. माझा मुद्दा वेगळा आहे. ब्रेकला गेज लावा ना, जरूर लावा. मीही लावते, बावीस वर्षं तेच करते, माझ्या टेबलावरून चुकीचा पार्ट पुढे जायची काय बिशाद आहे. पण तुम्ही तो गेज शर्टाच्या खिशात घालून घरी आणलात. आईच्या गाण्याला लावलात, माझ्या चित्रकलेच्या तासाला लावलात, माझ्या खिडकीला लावलात. आई दारात रोज रांगोळी काढायची, संध्याकाळपर्यंत पुसून जायची, तिला मात्र कधी विचारलं नाहीत उपयोग काय म्हणून. ती सगळ्यांच्या दारात असते म्हणून सुटली.

आणि आता मी तुम्हाला पकडणार आहे. आईची क्रोशाची सुई मोडली तेव्हा तुम्ही तिला वर्कशॉपमध्ये एक बनवून आणलीत. सुई म्हणजे हत्यार, हत्यार कामाचं, म्हणून तुम्हाला ते चाललं. चांगल्या पोलादाच्या कांबीची, आकडा असा घासलेला की दोऱ्याचा एक तंतू अडकत नाही. मी अजून तीच वापरते. तिच्या मागच्या टोकाला तीन बारीक कड्या काढलेल्या आहेत, शेजारी शेजारी, मधली जरा रुंद. त्या कशासाठी होत्या नाना? पकडीसाठी म्हणू नका. पकड पुढे असते, तिथे तुम्ही चपटं केलंय, बरोबर केलंय. मागे बोट पोचत नाही. मी इन्स्पेक्टर आहे, मला सांगू नका. जेवणाच्या सुट्टीत, सगळे चहाला गेलेले असताना, तुम्ही लेथवर उभे राहून तीन कड्या काढल्यात, कारण त्या तिथे चांगल्या दिसत होत्या. बस्स. तुम्हाला ते समजत होतं. तुम्हाला सगळं समजत होतं आणि तरी तुम्ही माझी साल उसवलीत. म्हणून मला जास्त राग येतो.

असो. टॅगचं सांगत होते. सोमवारी सकाळी बसमधून उतरलो तर रांगेच्या मधोमध हा लाल पुठ्ठा. बायका आधीच जमलेल्या. तुम्हाला एक सांगायचं राहिलं, आम्ही सगळ्याजणी ग्लोव्हच्या मनगटावर पेनाने खूण करतो, हरवू नये म्हणून. कुणी फूल काढतं, कुणी अक्षर. धुऊनही ती शाई पूर्ण गेली नव्हती, त्यामुळे रांग लावल्यापासून प्रत्येकीने आपापला डावा हात शोधून काढला होता. "ए, ह्यो माझा!" करून रोज सकाळी आपल्या हाताशेजारी जाऊन उभ्या राहायच्या, आणि एकजण तर लाल उजव्यात स्वतःचा हात घालून बघायची, बसतो का. त्या दिवशी कुणी आपल्या हातापाशी गेलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एकजण बसते, चाकणच्याच जुन्या गावातली, जिच्या सासऱ्याच्या शेतावर आता गाड्यांचं गोडाऊन उभं आहे. ती टॅग उलटासुलटा करून म्हणाली, "व्हय गं, आता काय लिव्हनार?" मी म्हटलं, बघू.

शुक्रवारी टीमचे साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. माणूस वाईट नाही, खाली बघून बोलतो. म्हणाले, "मॅडम, सोमवारी कमिटी बसणार आहे. तुम्ही त्या रकान्यात काहीतरी लिहा ना. मोटिव्हेशन लिहा. किंवा सेफ्टी अवेअरनेस, हात सांभाळा वगैरे. मी लगेच पास करून घेतो. वर एक बोर्डपण लावू." मी म्हटलं, सर, मी ते सेफ्टीसाठी केलेलं नाही. ते म्हणाले, "हो हो, पण लिहायला काय आहे?" मी म्हटलं, खोटं आहे. ते बिचारे डोकं खाजवत गेले. ते गेल्यावर शेजारीण माझ्यावर अशी उखडली! "लिव्ह की गं मोटिव्हेशन! आमी काय कमिटीला सांगाया जानार न्हाई. एवढं चांगलं केलंय, भंगारात घालतीस का? लिव्हलं तर तुझ्या बापाचं काय जातंय?"

मी फिसकन हसले. मग हसू थांबेना, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिला वाटलं मला काहीतरी झालं, ती पाण्याची बाटली घेऊन धावली. तिला काय सांगणार? बापाचंच तर जातंय. खिडकीतल्या सालीपासून अगदी आत्ताआत्तापर्यंत तुम्हाला पटेल असं कारण मी शोधत आले. डब्यांचा पट्टा, टीव्हीचं कव्हर, गाडीच्या सीटचं कव्हर, लेकीची टोपी. एकही टाका असा घातला नाही ज्याचं उत्तर तयार नाही. तुम्ही गेलात त्यानंतरही कितीतरी वर्षं घातला नाही! आणि आता कुठे ती आच, ही रांग केली, ज्यांना उत्तर नाही, तर मी परत त्या रकान्यात सेफ्टी लिहू? नाही लिहिणार. तोडायची तर तोडू देत. भंगारवाल्याच्या टेम्पोत माझ्या डोळ्यांसमोर टाकू देत. अठ्ठावीस डावे अजून माझ्या कपाटात आहेत आणि कांदे खाणं काही आम्ही सोडलेलं नाही.

आज जेवल्यावर आईला टॅग वाचून दाखवला. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. तिने पुठ्ठा हातात घेऊन सुतळी चाचपली, मग म्हणाली, "न्हाई तर न्हाई म्हन. आपन का चोरी केलीया?" आणि आत जाऊन झोपली. तुमच्या घरात पन्नास वर्षं काढलेल्या बाईने हे म्हटलं, नाना. मी पेन घेतलं. उपयोगाच्या रकान्यात लिहिलं, "काही नाही. तरी राहू द्यावे." खाली सही केली. अक्षर तुम्ही शिकवलंत तसं, सुटं आणि उभं. उद्या सकाळी साडेसहाच्या बसने जाईन तेव्हा देईन. काय होईल मला माहीत नाही. टेबलाची शेजारीण म्हणते, टेम्पो आलाच तर आपण सगळ्या आधी आपापला हात सोडवून घेऊ. मी तिला म्हटलं, त्यापेक्षा तिथेच उभ्या राहू.

भांडण इथे संपायला हवं होतं. जिंकलेच होते मी. पण ते वाक्य लिहून झाल्यापासून पेन खाली ठेवता येत नाहीये, कारण ते मी आधी एकदा म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही.

तुम्ही रिटायर झालात त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. थेरगावला नुकते आलो होतो. तुम्ही गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होतात, अंगात तो तपकिरी स्वेटर, हात मांडीवर, रिकामे. मी आयकार्ड गळ्यात अडकवत होते, बसला दहा मिनिटं होती. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पोरी, आता माझा उपयोग काय गं?" आणि मी, नाना, मी लगेच उत्तर दिलं. एक क्षणही थांबले नाही. "असं काय बोलता? दूध कोण आणतं? पाण्याची मोटर कोण लावतं? आईच्या गोळ्या कोण लक्षात ठेवतं? गॅसवाला आला तर घरी कोण असतं?" मला वाटलं, मी तुमची समजूत घातली. तुम्ही पार्टचा रिपोर्ट ऐकावा तसं सगळं नीट ऐकलंत, मान हलवलीत, म्हणालात, "बरं." मी पळाले.

त्यानंतर तुम्ही एकही दिवस चुकवला नाहीत. तापातसुद्धा दूध आणलंत. मोटर लावायला दहा मिनिटं आधी जाऊन उभे राहायचात. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायची. शेवटच्या महिन्यात उठवत नव्हतं तेव्हा एका सकाळी मी तुमचं पांघरूण सारखं करत होते, तर तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "दूध ऱ्हायलं बघ आज." माफी मागितल्यासारखं. मी म्हटलं, मी आणते, तुम्ही झोपा. एवढंच म्हटलं.

हे लिहिलेलं कुणाला देणार नाही. आई वाचू शकत नाही, लेकीला सांगायची हिंमत नाही. कुणी आवडत्या माणसाने असं विचारलं तर काय म्हणायचं असतं ते मला आता येतं, पुठ्ठ्यावर दोन ओळींत लिहितासुद्धा येतं. तेव्हा येत नव्हतं. काही उपयोग नको, नाना. तुम्ही नुसते बसा.